दोरी ओढते, ढकलत नाही

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'जुन्या बायप्लेनच्या कंट्रोल केबल्सची जुळणी'. तरीही एवढी मंडळी आलात, म्हणजे बाहेर पाऊस असणार किंवा नंतर चहा. एक गोष्ट आधीच उरकून टाकतो. शिवकर बापूजी तळपद्यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवलं का, हे मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे : त्याच्या केबल्स मी पाहिलेल्या नाहीत. पुढे जाऊ.

मी बोलणार ते टायगर मॉथबद्दल. डी हॅविलँडचं हे विमान 26 ऑक्टोबर 1931 रोजी पहिल्यांदा उडालं, पुढे तशी 8,000 हून अधिक बनली, आणि आपल्याकडे हवाई दल आणि फ्लाइंग क्लब, दोन्हीकडची पोरं तिच्यावर शिकली. 'तिच्यावर' म्हणतोय, सवय आहे. एकावर एक पंख, एकामागे एक दोन खुर्च्या, 130 अश्वशक्तीचं जिप्सी मेजर इंजिन. वैमानिकाचा हात इथे स्टिकवर, म्हणजे विमान चालवायच्या दांड्यावर; एलेव्हेटर, म्हणजे नाक वरखाली करणारी हलती फळी, तिकडे शेपटीत; मध्ये फक्त केबल. आणि केबल म्हणजे शेवटी दोरीच. पोहरा दोरीनं विहिरीतून वर येतो. त्याच दोरीनं तो खाली ढकलून दाखवा. म्हणून प्रत्येक केबलला जोडीदार लागतो. एक वर ओढणार, दुसरी खाली. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे, ते शेवटी नीट मांडतो.

त्याआधी उस्ताद. 1966 साली मी एका फ्लाइंग क्लबात उमेदवारी करत होतो. तिथल्या उस्तादांनी पाना द्यायच्या आधी तीन महिने माझ्या हातात चिंधी दिली. केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसत जायची, बस्स. गणितात पैकीच्या पैकी मिळवलेला मुलगा मी, रोज केबल पुसतोय. घरी विचारलं की सांगायचो, विमान दुरुस्त करतो.

एक दिवस चिंधी अडकली. एलेव्हेटरची केबल जिथे पुलीवरून वळते, बरोब्बर तिथे. मी हिसका देऊन सोडवली आणि पुढे निघालो. उस्ताद लांबून बघत होते. आले, माझं बोट धरलं आणि त्या जागेवरून अलगद फिरवलं. रक्ताचा थेंब! तसल्या केबलमध्ये 7 पेड, एका पेडात 19 तारा, एकूण 133. त्यातली एखादी तुटली तर डोळ्याला पत्ता लागत नाही, पण चिंधीला ती धरते. "चिंधी पुसायला दिलीय असं तुला कोणी सांगितलं?" उस्ताद म्हणाले.

शिक्षा म्हणून नवी केबल मीच बसवायची ठरली. मला तर बक्षीसच वाटलं. टर्नबकल, म्हणजे केबलचा ताण कमीजास्त करायचा आट्यांचा जोड, फिरवत गेलो, घट्ट, आणखी घट्ट. बोटानं छेडली तर सतारीसारखी वाजली. घट्ट म्हणजे पक्कं, ही आपली जुनी समजूत. लोणच्याच्या बरणीचं झाकण घ्या, नाहीतर नळाची तोटी. पुढच्या माणसाला ती उघडायची आहे, हे आपल्या गावीही नसतं. असो. इन्स्ट्रक्टर येऊन बसले, स्टिक पुढेमागे केली आणि इंजिन सुरू न करताच खाली उतरले. म्हणाले, "आत पिठलं ओतलंय का रे?"

उस्ताद काही बोलले नाहीत. हँगरमागे वॉचमनची बाज होती, तिच्याशी मला नेलं आणि म्हणाले, आवळ. मी एका बाजूनं दोरी आवळत गेलो. चौकट तिरपी झाली, एक पाय हवेत. तशीच ठेवून आम्ही घरी गेलो. रात्रपाळीला आलेल्या वॉचमननं माझ्या घराण्याचा जो उद्धार केला, तो सकाळी सगळ्या हँगरला पाठ होता.

ही चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे'. बरं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता पळत पळत.

आधी विमान लेव्हल करायचं, मग ताणतारांनी पंखांचे कोन जुळवायचे; कंट्रोल केबल त्यानंतर. पंख तिरपा असताना केबल जुळवणं म्हणजे वाकड्या बाजेवर गादी सरळ करणं. ताण जास्त झाला तर पुलीचं बेअरिंग झिजतं आणि हाताला हवा कळेनाशी होते. कमी पडला तर स्टिक हलते, शेपूट उशिरा ऐकते. धातूच्या विमानात आणखी एक भानगड : अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून केबल उन्हात ताणते, थंडीत सैलावते. टायगर मॉथचं धड पोलादी नळ्यांचं, तिला हा त्रास कमी.

एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणारी, पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, फक्त खालच्या पंखांना. पंखाच्या पोटाशी एक गोल चकती असते. केबल आणि साखळी तिला फिरवतात आणि तिच्यावरचा दांडा एलेरॉन हलवतो. दांडा मुद्दामच मध्यापासून 45 अंशांवर तिरका जोडलेला. त्यामुळे वर जाणारं एलेरॉन भरपूर जातं, खाली जाणारं जेमतेम. खाली गेलेलं एलेरॉन हवेला जास्त अडतं आणि नाक भलतीकडे ओढतं, म्हणून ही युक्ती. आता तुम्ही एकच टर्नबकल आवळलंत तर चकती मध्यापासून सरकते आणि युक्ती गेली. इथे अर्धा फेरा, तिथे अर्धा फेरा. बाज आठवा.

टर्नबकलबाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत. आटे आपोआप फिरू नयेत म्हणून लॉकवायर घाला. मग दुसऱ्या माणसानं तपासायचं. तुम्ही नाही, दुसऱ्यानं! 23 ऑगस्ट 1947 रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्डला अ‍ॅव्हरो ट्यूडर पडलं, त्यात लँकेस्टर बॉम्बरचे रचनाकार रॉय चॅडविक गेले. एलेरॉनची जोडणी उलटी झाली होती.

उलटी आहे का, हे ओळखायला यंत्र लागत नाही. सगळ्यांनी उजवा हात पुढे करा. मूठ वळा, अंगठा वर. स्टिक धरलीय समजा आणि डावीकडे कलवा. अंगठा ज्या पंखाकडे झुकला, त्या पंखाचं एलेरॉन वर गेलेलं दिसलं पाहिजे. परत एकदा, डावीकडे. तिसऱ्या रांगेतले काका, तुमचा उजवीकडे गेला. तुम्ही आधी चहा घ्या.