थर्मोस्टॅट काढू नका, उकळून बघा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी मे महिन्यात कात्रज चौकात माझी मोटरसायकल तापली. दुपारचे दोन, पुढे ट्रक, मागे एसटी, आणि मीटरमधल्या तापमानाच्या पट्ट्या चढत चढत लाल दिव्यापर्यंत गेलेल्या. गाडी अकरा वर्षांची. कडेला घेतली, गार होऊ दिली, संध्याकाळी एका गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "साहेब, थर्मोस्टॅट काढून टाकू. आपल्याकडच्या उन्हात तो लागतोच कशाला?" मी मान डोलावली. ते चुकलं.

तुमच्यापैकी अनेकांकडे अशा गाड्या असतील. २००८मध्ये यामाहाची आर-१५ आली, २०१२मध्ये चाकणला बनलेली ड्यूक २०० आणि त्याच वर्षी पल्सर २०० एनएस. रेडिएटरवाली, म्हणजे पाण्यानं इंजिन गार ठेवणारी गाडी तेव्हापासून कॉलेजच्या पार्किंगमध्ये दिसायला लागली. त्या गाड्या आता वयात आल्यात, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्यात.

तर हा थर्मोस्टॅट म्हणजे काय? कूलंटच्या, म्हणजे इंजिनात फिरून त्याला गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, वाटेवरचं दार. त्याच्या पोटात मेण असतं. इंजिन गार असताना दार बंद, त्यामुळे कूलंट इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. तापमान वाढलं की मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं, दार उघडतं आणि कूलंट गार व्हायला रेडिएटरकडे जातं. ना वायर, ना सेन्सर. तो काढला की दार सताड उघडं. माझी गाडी डिसेंबरात ताम्हिणी उतरताना एका पट्टीच्या वर जाईना. अ‍ॅव्हरेज पडलं. एकदा ऑइलचं झाकण उघडलं तर आतून सायीसारखा पिवळट थर. इंजिन पुरेसं तापत नाही तेव्हा आतला दमटपणा उडून जात नाही, तो असा ऑइलमध्ये मिसळतो. (असा थर दिसला आणि शिवाय कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलचा, संशय घ्या. ते दुखणं मोठं.)

आणि गंमत म्हणजे, ट्रॅफिकमध्ये गाडी तापायची ती तापतच राहिली! रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

म्हणून आधी गाडी कधी तापते ते बघा. सिग्नलला तापते आणि हायवेवर निवळते, तर पंखा बघा. हायवेवरही तापते, तर कूलंट कमी आहे, रेडिएटर चोंदलाय, पंप नीट फिरवत नाही, नाहीतर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. आणि वेगात असताना गरम व्हायलाच तयार नाही, तर तो उघडा अडकलाय. माझ्याकडे पंख्याच्या वायरचा कनेक्टर हिरवा पडला होता. पॉलिश पेपरनं घासला, पंखा फिरला. विषय संपला.

थर्मोस्टॅटची पहिली परीक्षा हातानं होते. सकाळी गार गाडी सुरू करा आणि इंजिनाकडून रेडिएटरला जाणाऱ्या रबरी पाइपवर अधूनमधून हात ठेवा. बोटं पंख्यापासून लांब; तो न सांगता फिरायला लागतो. पाइप बराच वेळ कोमट राहून मग एकदम चटका द्यायला हवा. सुरुवातीपासून हळूहळू तापत गेला, तर दार उघडं अडकलंय. मीटर लाल दाखवतंय आणि पाइप गार, तर इंजिन लगेच बंद करा. कोविडमध्ये घेतलेली, कपाळावर रोखून ताप मोजायची बंदूक इथे उपयोगाची नाही, ती तापापुरतीच मोजते. वर्कशॉपची बंदूक असेल तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर रोखू नका, आकडा खोटा येतो. काळी टेप चिकटवा आणि तिच्यावर रोखा.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. ते कुकरच्या शिट्टीसारखं आहे. दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभरच्या पुढे जाऊनही उकळत नाही. शिट्टी काढून गरम कुकर कोणी उघडतं का? झाकणाचं रबर कडक झालं असेल तर नवीन घाला. आणि बाजूची जादा कूलंटची टाकी भरलेली दिसली म्हणून रेडिएटर भरलाय असं समजू नका.

आता खरी परीक्षा. थर्मोस्टॅट काढा, त्याच्या कडेवर आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ८२. म्हणजे ८२ अंशांना दार किलकिलं व्हायला लागतं. पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश. एक जुनं पातेलं घ्या, पुन्हा स्वयंपाकात न वापरण्याचं. कूलंट विषारी आहे, चवीला गोड, कुत्री-मांजरी चाटतात. तेव्हा सांडलेलंही लगेच पुसा. थर्मोस्टॅटच्या दाराच्या फटीत दोरा अडकवा आणि दोऱ्यानं तो पाण्यात लटकवा, बुडाला न टेकता. शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर. (तापाचा नको, बेचाळीसला संपतो.) आच मंद. माझा थर्मोस्टॅट त्या गॅरेजमधून मागून आणला होता. ऐंशीपर्यंत काही नाही. ८३ ला दोरा सुटला आणि तो टप्पकन तळाशी पडला. ठणठणीत होता बिचारा.

मग पाणी चांगलं तापू द्या आणि दार किती उचललं ते बघा. काही मिलिमीटर तरी हवं. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. तिथे पूर्ण उघडलेलं दार दिसेलच असं नाही, त्याला दोष देऊ नका. शेवटी बाहेर काढून ठेवा. गार झाल्यावर दार घट्ट मिटलं पाहिजे. फट राहिली तर नवीन आणा.

बसवताना एक लहानशी हलणारी पिन असते, ती वर ठेवा. हवा तिथून निघते. त्याची रबरी रिंग नवीन घाला. भरायला बोअरचं पाणी नको, क्षार आत साचतात. तयार कूलंट, किंवा घट्ट कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर. हळूहळू ओता, गाडी डावी-उजवीकडे कलवा, बुडबुडे येऊ द्या. मग झाकण लावून पंखा फिरेपर्यंत चालू ठेवा. मी घड्याळ लावून बसलो होतो, अकराव्या मिनिटाला घुर्रर झालं. सकाळी गार गाडीचं झाकण उघडलं, तर पातळी दोन बोटं खाली गेली होती. तेवढं ओतलं आणि कात्रजला निघालो.