जुन्या घडणीची नवी गिटार

(पडद्यावर: साउंडहोलमधून आत सरकणारा छोटा आरसा)

जुनी अकूस्टिक गिटार पारखायची तर नुसती वाजवून भागत नाही. मधल्या गोल भोकातून, म्हणजे साउंडहोलमधून, आरसा आत घालावा लागतो. वरच्या फळीला आतून चिकटवलेल्या या पट्ट्या म्हणजे ब्रेस. त्यातल्या दोन मोठ्या पट्ट्या एकमेकींना एक्स आकारात छेदतात आणि तारांच्या ओढीपुढे फळीला तोलून धरतात. लाइट तारांचा साधा संच लावला तरी ही ओढ ७० किलोंच्या वर जाते. फळीची जाडी मात्र जेमतेम ३ मिलिमीटर.

आता पट्ट्यांचा आकार बघा. मधेच पटाशीने खोलगट कोरलेल्या आहेत. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी, मार्टिन कंपनी १९३०च्या दशकात अशाच पट्ट्या बसवत असे. कोरल्यामुळे वजन उतरतं, फळी मोकळी होते, खर्ज भरून येतो. मार्टिनच्या ज्या डी-२८ मॉडेलसाठी ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताचे वादक आजही जीव टाकतात, तिचं मर्म इथे, या अंधारात आहे. त्या काळातल्या बऱ्याच गिटारींमध्ये तर एक्सचा छेद साउंडहोलपासून साधारण १ इंचावर येतो. त्यामुळे ब्रिजभोवतीची, म्हणजे तारा जिथे फळीवर अडकवलेल्या असतात त्या पट्टीभोवतीची, फळी आणखी मोकळेपणाने हलते.

मग मार्टिनने ही घडण का सोडली? वादक जाड तारा लावू लागले होते. फळ्या फुगायला लागल्या, गिटारी दुरुस्तीला परत यायला लागल्या. १९४४च्या अखेरीस पट्ट्या कोरणं थांबलं. कारखान्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर हा निर्णय चुकीचा म्हणवत नाही. पण त्या दिवसापासून गिटार थोडी आखडली, हेही खरं.

लाकूडही बदललं. फळीसाठी वापरला जाणारा रेड स्प्रूस, गिटारवाल्यांच्या भाषेत ॲडिरॉन्डॅक, पुरेशा घेराचा मिळेनासा झाला आणि १९४०च्या दशकाच्या मध्यावर त्याची जागा सिटका स्प्रूसने घेतली. १९६९ मध्ये पाठीचं ब्राझिलियन रोझवूड जाऊन भारतातलं शिसव आलं.

(पडद्यावर: कडेची हेरिंगबोन नक्षी, जवळून)

वादक मात्र जुन्या गिटारी शोधत राहिले. अखेर १९७६ मध्ये मार्टिननेच एचडी-२८ काढली: कोरलेल्या पट्ट्या परत आल्या, कडेची हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी तिरप्या रेघांची, नक्षी परत आली. जुन्या घडणीकडे वळण्याची ही ठळक सुरुवात. पुढे सांताक्रूझ, कॉलिंग्ज, बुर्जवा यांच्यासारख्या छोट्या कार्यशाळांनी हा ध्यास कितीतरी खोलवर नेला. मार्टिनच्या ऑथेंटिक मालिकेत तर सांधे पुन्हा सरसाने जोडले जातात. जनावरांच्या कातड्यापासून केलेला हा सरस गरम असतानाच लावावा लागतो आणि हात झरझर चालवावा लागतो. वाळला की तो काचेसारखा कडक होतो. पुढे कधी सांधा उघडायचा झाला, तर उष्णता आणि ओल देऊन तो सोडवताही येतो. हा शेवटचा गुण मला आवाजाइतकाच मोलाचा वाटतो.

इथवर नक्कल घडणीची झाली. वयाचं काय?

स्प्रूसमधलं हेमिसेल्युलोज, म्हणजे लाकडाचा एक घटक, वर्षानुवर्षं हळूहळू विघटित होत जातं. लाकूड हलकं होतं, हवेतली ओल पूर्वीइतकी शोषत नाही. आजचे कारागीर हाच बदल भट्टीत घडवतात. ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या भट्टीत दीडशे अंश सेल्सियसच्या वर तापवून फळी भाजली जाते. बाहेर येते ती मधाळ तपकिरी, हलकी, आणि थोडी ठिसूळही. ठिसूळपणामुळे अशी फळी हाताळताना कारागिराला जपावं लागतं.

म्हणजे इथे दोन वेगवेगळ्या गोष्टींची नक्कल चालली आहे. एक, १९३७ साली कारखान्यातून बाहेर पडलेल्या कोऱ्या गिटारची. दुसरी, तीच गिटार ऐंशी-नव्वद वर्षं वाजल्यावर जशी झाली, तिची. १९३७च्या ग्राहकाने ऐकलेला आवाज आज कुणालाच ऐकता येत नाही. तरी ‘जुन्यासारखी’ म्हणताना आपण या दोन्ही गिटारींची सरमिसळ करतो, आणि तुलनेतला बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

(पडद्यावर: मोठं केलेलं साउंडहोल असलेली गिटार)

शिवाय जुनी गिटार तरी जशीच्या तशी कुठे उरते? तारांच्या ओढीने नेकचा कोन बदलतो. मग नेक काढून पुन्हा बसवावी लागते. फ्रेट झिजतात, ब्रिज बदलतो. ब्लूग्रास गिटारवादक टोनी राइस ज्या १९३५च्या डी-२८ वर वाजवायचे आणि जी त्यांच्याआधी गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइट यांच्याकडे होती, तिचं साउंडहोल मूळ मापापेक्षा मोठं केलेलं आहे आणि फिंगरबोर्डही बदललेला आहे. सांताक्रूझने टोनी राइस यांच्या नावाची गिटार काढली, तेव्हा तिचं साउंडहोलही मोठंच ठेवलं. एका जुन्या गिटारीवर झालेला फेरफार असा नव्या गिटारच्या नमुन्यात जाऊन बसला.

पाठीच्या लाकडाविषयी जरा थंड डोक्याने बोलायला हवं. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा गिटारी, घडण एकसारखी, फक्त पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडाच्या. त्यात ब्राझिलियन रोझवूड होतं आणि स्वस्त लाकडंही होती. मंद उजेडात, वेल्डिंगचे चष्मे घालून ५२ वादकांनी त्या वाजवल्या. त्यांनी दिलेल्या गुणांमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. ब्राझिलियन रोझवूडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून कडक निर्बंधांखाली आहे. त्या झाडासाठी हळहळ वाटत असेल, तर हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे.

माझं मत सांगतो. पट्ट्या नीट कोरलेल्या, फळी हलकी, बांधणी नेटकी असेल, तर आजच्या उत्तम कार्यशाळेतली गिटार जुन्या गिटारींच्या पंक्तीत मानाने बसते. जुन्यांमध्येही मंद बोलणाऱ्या गिटारी होत्या. आपल्यापर्यंत जपून आणल्या गेल्या त्या बहुतांशी लोकांना आवडलेल्या. तरीही एखादी जुनी डी-२८ हातात घेतली, की हलक्या स्पर्शालाही ती ज्या तत्परतेने उत्तर देते, ते मला नव्या गिटारीत क्वचितच भेटलं आहे.

आणि एचडी-२८ निघाली, तेव्हा तिच्यापुढे नमुना म्हणून असलेल्या गिटारी चाळिशीच्या आसपासच्या होत्या. १९७६च्या त्या पहिल्या एचडी-२८ आज त्याहून जास्त वयाच्या आहेत.