पियानो ऐकायचा की बघायचा? जुन्या टीव्हीवरच्या मैफिलींची गोष्ट

नमस्कार मंडळी. आजची सुरुवात एका मुक्या पियानोपासून.

१९६७ साली बीबीसीवर 'फेस द म्युझिक' नावाची संगीताची प्रश्नमंजूषा सुरू झाली. सूत्रधार होते जोसेफ कूपर, स्वतः पियानोवादक. त्यांचा गाजलेला खेळ म्हणजे आवाज नसलेल्या नुसत्या पट्ट्या. त्यावर कूपर एखादी रचना अगदी मन लावून वाजवणार आणि पाहुण्यांनी फक्त बोटं बघून ती ओळखायची! पाहुण्यांत कधीकधी डेव्हिड अ‍ॅटनबरोही असायचे. हो, तेच, प्राण्यांचे कार्यक्रम करणारे.

हा खेळ रेडिओवर करून बघा. जमणारच नाही. आणि माझं आजचं म्हणणं नेमकं तेच आहे: जुन्या टीव्हीने पियानोच्या आवाजाची पार वाट लावली, पण त्याचे हात मात्र पहिल्यांदा घरोघरी पोचवले.

[पडद्यावर: वरून दिसणारं सभागृह, मंचावर पियानो]

हे चित्र बघा. वादक आपल्याकडे उजवी बाजू करून बसतो, कारण मोठ्या पियानोचं झाकण त्याच्या उजव्या बाजूला उघडतं आणि आवाज श्रोत्यांकडे येतो. त्यामुळे बोटं दिसतात ती फक्त डावीकडच्या खुर्च्यांवरून. बाकीच्यांनी पैसे मोजून काय बघायचं, तर काळं लाकूड आणि वादकाचं कपाळ. आपल्याकडे बैठकीत तबलजीची बोटं हातभर अंतरावरून दिसतात. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या सभागृहात सज्जात बसलेल्याच्या नशिबी ते सुख नाही.

आता आवाजाचं बघू. पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी सगळ्यात खालचा स्वर सेकंदाला २७.५ कंपनांचा. त्या काळच्या टीव्ही संचातल्या छोट्याशा स्पीकरला तो झेपणं शक्यच नव्हतं. खर्जाचा मूळ स्वर गायब, वरचे उपस्वर तेवढे ऐकू येणार आणि उरलेलं तुमच्या कानाने भरून काढायचं.

त्यात जतन करायची पद्धत अजबच. व्हिडिओ टेप १९५६ मध्ये आली. त्याआधी टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्रण करत. फिल्मचा वेग जरा जरी हलला की स्वर डगमगणार. गाण्यात किंवा व्हायोलिनवर हे एखाद् वेळेस खपून जातं, कारण तिथे स्वर हलतोच. पियानोला ना मींड ना आंदोलन. आघात झाला की स्वर सरळ विरत जातो. तो लटपटला की कान लगेच चुकचुकतो. जुनी चित्रणं ऐकताना पियानो पाण्याखाली बुडवल्यासारखा वाटतो ना, त्याचं हे एक मोठं कारण. पुढे टेप आली, पण ती महाग, शिवाय पुसून पुन्हा वापरता येणारी. मग काय, पुसल्या! कित्येक कार्यक्रम असेच गेले.

जे उरलं, त्यातलं काही बघू. ३१ जानेवारी १९६०, अमेरिकेतली सीबीएस वाहिनी. वाद्यवृंदाचे संचालक लेनर्ड बर्नस्टाइन एका तरुण कॅनेडियन पियानोवादकाची ओळख करून देतात. ग्लेन गूल्ड. वाजवतो बाखच्या डी मायनर कन्चर्टोचा पहिला भाग. कन्चर्टो म्हणजे एक वादक आणि समोर अख्खा वाद्यवृंद, अशी रचना. तीनच वर्षांनी याच बर्नस्टाइननी मुलांसाठीच्या टीव्ही मैफिलीत १६ वर्षांच्या आंद्रे वॉट्सला लिस्ट या संगीतकाराचा कन्चर्टो वाजवायला बसवलं. हे जानेवारी १९६३ चं. त्याच महिन्याच्या शेवटी न्यूयॉर्क फिलहार्मनिक या वाद्यवृंदाच्या मैफिलीआधी गूल्ड आजारी पडला आणि त्याच्या जागी कोण वाजवायला आलं? वॉट्स!

पण पियानोची मैफल म्हणून माझ्या मते खरी बघण्यासारखी आहे ती पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झची. १९५३ नंतर हा माणूस बारा वर्षं मंचावर आलाच नव्हता. १९६५ मध्ये परतला आणि १९६८ च्या सुरुवातीला कार्नेगी हॉलमध्ये निमंत्रितांसमोर टीव्हीसाठी वाजवायला तयार झाला. दोन बैठकांत चित्रण झालं आणि २२ सप्टेंबरला ते सीबीएसवर लागलं. शोपँ, स्कार्लात्ती, शूमान, स्क्रियाबिन यांच्या रचना आणि शेवटी 'कार्मेन' या ऑपेरातल्या सुरावटीवर त्याने स्वतः बांधलेली व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच सुरावटीची वेगवेगळी रूपं.

[पडद्यावर: होरोविट्झच्या हाताचं रेखाचित्र]

हात बघा. पियानोचे शिक्षक विद्यार्थ्याला काय सांगतात? बोटं गोल ठेव. इथे बोटं चक्क सपाट, मनगट खाली, आणि करंगळी आत मुडपलेली, गरज पडली की झटकन बाहेर! स्क्रियाबिनच्या त्या डी शार्प मायनर एट्यूडमध्ये (एट्यूड म्हणजे तंत्राचा कस लावणारी छोटी रचना) डावा हात लांबलांब उड्या मारतो, गदारोळ चाललेला असतो आणि चेहऱ्यावर मात्र रेषा हलत नाही. ज्यांनी या माणसाच्या रेकॉर्डी झिजेपर्यंत ऐकल्या होत्या, त्यांनाही हे कुठून दिसणार होतं? म्हणून दिग्दर्शक बोटं सोडून चेहऱ्याकडे वळला की मला राग येतो. चेहऱ्यावर काय ठेवलंय!

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६९ मध्ये, लंडनमध्ये शूबर्टचं 'ट्राउट' पंचक, म्हणजे पाच वादकांची रचना, चित्रपटकार क्रिस्टोफर न्यूपेन यांनी चित्रित केलं. पियानोवर डॅनियल बॅरनबॉइम, सोबत चेलोवर जॅकलीन द्यु प्रे, व्हायोलिनवर पर्लमन, व्हायोलावर झुकरमन. आणि मागे डबल बास घेऊन उभे आहेत ते आपले मुंबईकर झुबिन मेहता. व्हिएन्नात शिकताना ते हे वाद्य वाजवायचे. मंचामागची त्यांची थट्टामस्करीसुद्धा कॅमेऱ्याने सोडलेली नाही.

आवाजावर तोडगा निघाला तो मात्र गमतीशीर. ३० जानेवारी १९७६ रोजी अमेरिकेत 'लाइव्ह फ्रॉम लिंकन सेंटर' सुरू झालं. पहिल्याच भागात पियानोवादक व्हॅन क्लायबर्न, ग्रीगचा कन्चर्टो घेऊन. अशा कार्यक्रमांना एफएम रेडिओची जोड असायची: टीव्हीचा आवाज बंद करायचा, रेडिओ लावायचा, स्टिरिओत ऐकायचं आणि बघायचं टीव्हीवर. एका मैफिलीला दोन यंत्रं!

आणि गूल्ड? त्याने १९६४ मध्ये मैफिली कायमच्या सोडल्या. स्टुडिओ, टीव्ही आणि रेडिओ एवढंच ठेवलं. १९८१ मध्ये ब्रूनो मॉन्सँजाँ यांनी केलेलं त्याचं बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चं चित्रण जरूर बघा. वडिलांनी पाय कापून बुटकी केलेली ती जुनी खुर्ची, त्यामुळे नाक जवळजवळ पट्ट्यांना टेकलेलं. वाजवताना गुणगुणणं चालूच. एक हात रिकामा झाला की तो दुसऱ्या हाताला कंडक्ट करतो. सभागृहात याला नखरे म्हणाले असते. इथे कॅमेरा इतका जवळ आहे की कुठला स्वर कुठून उचलला जातोय, ते त्या मोकळ्या हातावरूनही कळतं.

गूल्डच्या रेडिओ कार्यक्रमांबद्दल पुढच्या भागात बोलू. १९६७ मध्ये त्याने कॅनडाच्या उत्तरेवर एक कार्यक्रम केला, ज्यात माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात, अगदी फ्यूगसारखी, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक आवाज उचलतात आणि सगळे एकत्र चालतात तशी. तो ऐकायला हेडफोन मात्र लागतील.