सहा बाय सहा, पण दूध कपाच्या बाहेर

नमस्कार मंडळी. मी डोळे तपासायचं काम करते, नागपुरातच, बरीच वर्षं झाली. आज चष्म्याच्या नंबराबद्दल नाही बोलणार, नंबर बरोबर असूनही जे दिसत नाही त्याबद्दल बोलायचंय.

माझी आत्या इथल्याच महाल भागात राहते, सत्तरी ओलांडलीय. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे गेले तर तिनं चहा ठेवला, पांढऱ्याशुभ्र कपात दूध ओतायला लागली अन् दूध काठावरून बशीत, बशीतून ओट्यावर. ओटा काळ्या कडप्प्याचा, त्यामुळे सांडलेलं तिला लगेच दिसलं, पण कप भरला हे दिसलं नव्हतं. म्हणाली, "अवं, स्टीलच्या गिलासात बरोबर जमते, या कपाचा काठच दिसत नाही मले." आणि मंडळी, सहा महिन्यांआधी मीच तिचे डोळे तपासले होते, चष्मा लावून तिनं खालची ओळ धडाधड वाचली होती, सहा बाय सहा, म्हणजे निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून दिसतं तेवढं तिलाही सहा मीटरवरून दिसत होतं, अन् आत्या तुझे डोळे ठणठणीत आहेत असं मीच सांगितलं होतं. ते मला अजून लागून आहे.

झालं काय होतं? आपण भिंतीवरचा जो तक्ता वाचतो ना, तो स्नेलन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ साली काढला, त्यात अक्षरं लहान लहान होत जातात पण सगळी काळी कुळकुळीत, पांढऱ्यावर. किती बारीक दिसतं एवढंच त्यातून कळतं. फिकं किती दिसतं ते नाही कळत. आता आपल्या शहरात जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते, राखाडी रस्त्यावर राखाडीच स्पीड ब्रेकर, वरचा पांढरा पट्टा घासून गेलेला, अन् वेळ दिवेलागणीची, तिथं काळ्या अक्षरांची ओळ वाचता येणं काय कामाचं? किंवा जानेवारीतल्या पहाटे धुक्यात वर्धा रोडवर पुढे उभी असलेली, लाइट नसलेली ट्रॉली. जिना उतरताना एकाच रंगाच्या फरशीच्या पायऱ्या. हे सगळं ओळखायला लागते ती काँट्रास्ट सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक करडा रंग त्याच्या शेजारच्या करड्यापासून वेगळा काढायची ताकद.

ती मोजायला तक्ता आहे. डेनिस पेली, जॉन रॉबसन अन् त्यांच्या एका सोबत्यानं १९८८ साली काढला, पेली-रॉबसन चार्ट म्हणतात. यात सगळी अक्षरं एकाच मापाची, जवळपास पाच सेंटिमीटर, चांगली मोठी. तीन-तीन अक्षरांचे १६ गट. पहिला गट काळा, मग प्रत्येक गट आधीच्यापेक्षा साधारण तीस टक्क्यांनी फिका, शेवटी तर कागद कोराच वाटतो. एक मीटरवर बसवून वाचायला लावायचं. स्कोअर लॉगमध्ये येतो, त्याला घाबरू नका, स्कोअर १ म्हणजे दहा टक्के काँट्रास्टपर्यंत, अक्षर अन् कागद यांच्यातल्या तेवढ्या फरकापर्यंत, दिसलं, २ म्हणजे एक टक्क्यापर्यंत दिसलं.

आत्याला बसवलं. एक डोळा १.३५, दुसरा १.२०. मोतीबिंदू हळूच सुरू झाला होता, खालची ओळ वाचण्याइतका उजेड तो अजून आत सोडत होता, पण फिकं पुसून टाकत होता.

आणि इथंच माझी अडचण सुरू झाली. १.३५ कमी आहे हे खरं, पण कशापेक्षा कमी? २ म्हणजे नॉर्मल, दीडच्या खाली दृष्टिदोष, एकच्या खाली अपंगत्व, असे ढोबळ आकडे सर्रास सांगितले जातात. पण वीस वर्षांच्या पोराला अन् सत्तरच्या बाईला एकच काटा कसा लावायचा? वय वाढलं की बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळं पडतं, उजेड विखुरतो, डोळ्याच्या आतल्या पडद्यापासून मेंदूपर्यंतची यंत्रणाही थोडी मंदावते, म्हणजे काहीही आजार नसताना स्कोअर उतरतो. शिवाय दोन्ही डोळ्यांनी मिळून वाचलं तर एका डोळ्यापेक्षा साधारण एक गट, म्हणजे ०.१५, जास्त येतो. म्हणजे वयागणिक वेगळा आकडा हवा, एका डोळ्याचा वेगळा, दोघांचा वेगळा.

माझं स्पष्ट मत आहे की तो आकडा आपल्याच माणसांवर, आपल्याच खोलीत मोजलेला हवा. म्हणून मी वही घातलीय, निरोगी माणसांचे स्कोअर लिहून ठेवायला.

वाटलं होतं सोपं आहे. पहिल्याच दिवशी एक काका बसले, मराठी पेपर रोज वाचणारे, चार गट वाचून थांबले. म्हणाले दिसतंय पण नाव आठवत नाही. चार्टवर इंग्रजी अक्षरं ना! काकांचा स्कोअर डोळ्यामुळे नाही, एबीसीडीमुळे पडत होता. हा चार्ट दहाच अक्षरांचा आहे, मग मी ती दहा अक्षरं एका पुठ्ठ्यावर ठळक काढून हातात दिली, म्हटलं नाव नका सांगू, बोट ठेवा. बघता बघता काका पाच गट पुढे गेले. फिका 'ओ' अन् फिका 'सी' तर भलेभले गल्लत करतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा म्हटला तरी बरोबर धरायची पद्धत आहे.

मग उजेड. चार्टवर सगळीकडे सारखा उजेड पडायला हवा, साधारण ८५ कॅन्डेला प्रति चौरस मीटर. आमच्या खोलीत मे महिन्यात खिडकीतून असं ऊन यायचं की चार्टची डावी बाजू पांढरीफेक, उजवीकडे सावली. पडदे लावले, ट्यूबलाइट हलवली, उजेड मोजायचं मीटर घेऊन चार्टचे चारही कोपरे मोजले, तेव्हा कुठे सुरुवात केली. चार्टला बोट लावू देत नाही मी, घामाचा डागही त्या फिक्या अक्षरांपेक्षा गडद असतो.

आणि सगळ्यात कठीण, माणसं. कॉलेजची पोरं हवी तेवढी मिळतात, पण पासष्टच्या वरचा, डोळ्याला काही नसलेला माणूस आमच्याकडे येईलच कशाला? पेशंटसोबत आलेल्यांना विचारते, पण काचबिंदूच्या पेशंटचा सख्खा भाऊ असेल तर त्याला आधी नीट तपासावं लागतं, तो आजार घराण्यात चालतो. डायबेटिस असेल तर डोळ्याचा पडदा बघून घ्यावा लागतो. अन् मोतीबिंदूचं काय करायचं? थोडंही भिंग धुरकट असलेला प्रत्येक माणूस वगळला तर सत्तरीचे जे उरतील ते नॉर्मल नाहीत, नशीबवान आहेत. सगळेच घेतले तर आजारच नॉर्मल ठरतो. मी मधला रस्ता धरलाय, वयानं आलेला पिवळेपणा चालेल, तो नोंदवून ठेवते, उघड मोतीबिंदू नाही चालणार.

एवढं जमलं की प्रत्येक दहा वर्षांच्या गटाची सरासरी काढायची, तिच्यातून आकड्यांच्या पसाऱ्याचं जे माप असतं त्याची दुप्पट वजा करायची, ती खालची रेष. शंभर निरोगी माणसांत दोन-तीन या रेषेच्या खालीही असणारच, त्यामुळे रेषेखाली गेला की आजारी असं नाही, नीट तपासा एवढाच त्याचा अर्थ. तसंच त्याच माणसाला आठवड्यानं परत बसवलं तर एका गटाचा फरक येऊ शकतो, दोन गटांचा आला तर मात्र मी कान टवकारते.

आत्याचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं दिवाळीनंतर. तोवर तिला निळे कप आणून दिलेत.

तर मंडळी, तुमच्या जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ही तपासणी होते का ते विचारा, विशेषतः सहा बाय सहा असूनही संध्याकाळी पायरी चुकत असेल तर. जाताना दूरचा चष्मा सोबत न्या, बाहुली मोठी करायचे थेंब टाकायच्या आधी ही तपासणी करून घ्या. अन् चार्टपुढे बसल्यावर कागद कोरा दिसला म्हणून लगेच उठू नका, पंधरा-वीस सेकंद तिथंच बघत राहा, अक्षर हळूहळू वर येतं.