त्रास न देणारी मुलं

नमस्कार. आज बोलायचंय ते लहानपणी घरात खूप सोसलेल्या, पण कोणाला त्रास न देणाऱ्या मुलांबद्दल. आधी एका गोष्टीचा निकाल लावून टाकते, कारण प्रत्येक कार्यक्रमानंतर कोणीतरी काका येऊन म्हणतातच की मॅडम, आम्हीपण लहानपणी पट्टीनं, चपलेनं, हाताला लागेल त्यानं मार खाल्लाय, आमचं काय बिघडलं? मी विचारते, काका, बीपीची गोळी चालू आहे का? मग हसतात. बऱ्याचदा चालू असते. आता बीपी त्या मारामुळेच झालं असं मी अजिबात म्हणत नाहीये, बीपीला शंभर कारणं असतात, पण लहानपणीचा त्रास आणि मोठेपणीची तब्येत यांचा संबंध ठळकपणे पुढे आला तो एका वजन कमी करायच्या क्लिनिकमधून.

अमेरिकेत सॅन डिएगोला 1980 च्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणाचा प्रोग्राम चालवायचे. तिथे गंमत अशी व्हायची की ज्यांचं वजन मस्त उतरतंय तेच लोक मधेच गायब. का जातात म्हणून खोदून विचारलं तर त्यातल्या कितीतरी जणांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झालेले, आणि काहींना ते जाड शरीरच सेफ वाटत होतं, बारीक झालं की लोक बघायला लागतात ना. मग फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी 1995 ते 1997 मध्ये 17 हजारांहून जास्त लोकांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं: मारहाण, अपमान, अत्याचार, दुर्लक्ष, घरात दारू, आईला होणारी मारहाण, घरातलं कोणी तुरुंगात, असं सगळं. पहिला पेपर आला 1998 ला. आणि हे काही फार गरिबीतले लोक नव्हते हां, बहुतेक सगळे शिकलेले, नोकरीवाले, इन्शुरन्सवाले. तरीसुद्धा जवळपास दोन तृतीयांश लोकांनी किमान एका प्रश्नाला हो म्हटलं, आणि साधारण आठातल्या एकानं चार किंवा त्याहून जास्त प्रश्नांना. या चार आणि वरच्या गटात डिप्रेशन, दारू, ड्रग्ज, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, एकालाही हो न म्हणणाऱ्यांच्या तुलनेत, 4 ते 12 पट निघाला.

आपल्याकडे असं नसतं, असं कोणाच्या मनात आलं असेल तर केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा 2007 चा अभ्यास बघा, 13 राज्यांतली 12,447 मुलं. दर तीनमधल्या दोघांनी मार खाल्लेला, 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. मुलग्यांचं तर आपण धरतच नाही.

आता माझा मुद्दा. 30 सप्टेंबर 1993, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, आणि पहाटे किल्लारीचा भूकंप. हजारो माणसं गेली, कितीतरी पोरं पोरकी झाली, पण त्यांचं दुःख निदान सगळ्यांना दिसलं तरी. ट्रक भरून मदत गेली, बाराशेच्या आसपास मुलं शिकायला पुण्याला आणली गेली. त्या मुलांचं सगळं छान झालं असं नाही, पण ‘तुझ्यावर काहीतरी मोठं कोसळलंय’ हे त्यांना कोणाला पटवून द्यावं लागलं नाही. याउलट ज्या घरात रोज रात्री साडेनऊला भूकंप होतो त्या घराचा पंचनामा करायला कोणी येत नाही. सकाळी बाप इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जातो, आई डबा भरते, पोरगं शाळेत जातं आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर बाई लिहितात, शांत व समजूतदार विद्यार्थी.

मला खरं तर याच मुलांबद्दल बोलायचंय. जे पोरगं काच फोडतं, उलट बोलतं, त्याला निदान हेडमास्तरांकडे तरी नेतात, कोणाचं तरी लक्ष जातं. पण जी मुलं त्रास देत नाहीत, धाकट्या भावंडाला सांभाळतात, आईच्या चेहऱ्यावरून मूड ओळखतात, काही मागत नाहीत, त्यांचं आपण कौतुक करतो. किती शहाणं लेकरू आहे. आणि ते शहाणं लेकरू एकोणीस-वीसचं होऊन हॉस्टेलवर येतं आणि तिथे कोसळतं, आणि घरचे म्हणतात, हिला काय झालं, हिनं तर कधीच त्रास दिला नव्हता.

एक मुलगी सांगते (दोन-तीन जणींचं मिळून एक केलंय आणि तपशील बदललेत, ओळखायचा प्रयत्न करू नका). इंजिनिअरिंग सेकंड इयर. तक्रार काय, तर झोप लागत नाही आणि सबमिशनच्या आधी हात थरथरतात. घरी सगळं ठीक? हो, एकदम ठीक. तिसऱ्या की चौथ्या भेटीत बोलता बोलता म्हणाली, बाबा गाडी स्टँडवर कशी लावतात त्यावरून मला कळायचं आज कितपत घेतलीय. एका झटक्यात लागली तर ठीक, दोनदा सरकली तर मी धाकट्याला उचलून आतल्या खोलीत न्यायचे आणि कडी लावायचे. हे ती हसत हसत सांगत होती, आणि आता हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये कोणाचीही गाडी सरकली तरी ही रात्री दोनला टक्क जागी. बाप दोनशे किलोमीटर लांब, शिवाय त्यांनी पिणं सोडलेलं, पण शरीराला ते कोण सांगणार?

थोडं सायन्स. सतत धोका असला की कॉर्टिसोल वगैरे स्ट्रेस हार्मोन्सची सगळी सिस्टीम बिघडते, मेंदूतला धोका हेरणारा भाग, अमिग्डाला, जास्तच सतर्क होतो, आणि थांब जरा, विचार कर म्हणणारा पुढचा भाग तर तसाही पंचविशीच्या आसपास पूर्ण वाढतो. म्हणून वरून ते कधी चिडचिड दिसतं, कधी आळस, कधी रात्रभर मोबाईल, कधी नुसताच बधिरपणा, म्हणजे परीक्षा असो, ब्रेकअप असो, काही वाटतच नाही. आणि आपण म्हणतो, आजकालच्या पोरांना सहनच होत नाही. अहो, त्यांनी सहन केलंय म्हणून तर हे झालंय.

पण एक सांगते, इंटरनेटवर फेलिटी-अँडांच्या त्या अभ्यासावरून केलेली लहानपणच्या त्रासाची दहा प्रश्नांची टेस्ट देऊन ‘माझा स्कोअर सहा, मी संपलो’ असं करू नका. खुद्द अँडांनीच 2020 मध्ये लिहिलंय की तो आकडा एकेका माणसाचं भविष्य सांगायला नाही. हवाईतल्या काउआई बेटावर एमी वर्नर यांनी 1955 साली जन्मलेली मुलं कित्येक वर्षं फॉलो केली, त्यातल्या सगळ्यात बिकट परिस्थितीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश व्यवस्थित मोठी झाली. त्यांच्याकडे काय होतं? बाकीही गोष्टी होत्या, पण जवळचं एक तरी माणूस होतं, आजी, शेजारीण, शाळेतले सर, कोणीतरी एक. ते माणूस फार हुशार असायची गरज नाही, उद्यापण तिथेच असलं की झालं.

मग अशा मुलाला भेटल्यावर करायचं काय? पहिली गोष्ट, ‘सगळं बोलून टाक, मोकळं वाटेल’ म्हणून मागे लागू नका. जबरदस्तीनं सगळं वदवून घेतल्यानं फायदा होत नाही, कधीकधी त्रासच वाढतो. झोपतोस का, जेवलीस का, इथून सुरू करा. ट्रेन झालेला काउन्सेलर असेल तर ट्रॉमासाठीची, म्हणजे मनावरच्या खोल घावासाठीची, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला मदत करणारी), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून केलेली) अशा उपचारपद्धती आहेत, गरज पडली तर गोळ्या आहेत, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. अठराच्या आतल्यांसाठी मुलांची हेल्पलाइन, 1098. आणि शिक्षकांनो, पोक्सो कायद्यानुसार लहान मुलाच्या लैंगिक छळाबद्दल कळलं तर कळवणं कंपल्सरी आहे, शाळेचं नाव खराब होईल हे कारण चालत नाही. शाळेत मारायलाही 2009 च्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क, कायद्यानं बंदी आहे, कलम 17, हेही स्टाफरूममध्ये एकदा वाचून दाखवा.

हातात आलेल्या चिठ्ठ्यांमधली एकच घेते, वेळ झालाय. ‘मुलगा तेवीसचा आहे, त्याच्या लहानपणी आमच्या घरात फार भांडणं झाली, मी त्याला मारलंही, आता माफी मागू का? उशीर झालाय का?’ मागा. उशीर झालाय, तरी मागा. फक्त नीट आठवून मागा, ‘काही चुकलं असेल तर सॉरी’ असं मोघम नको, त्या दिवशी मी तुला दाराबाहेर उभं केलं होतं, ते चुकलं, असं. तो कदाचित चिडेल, कदाचित विषय काढू नका म्हणेल, तर सोडून द्या, उत्तर मागू नका. आणि ‘पण आमचीही परिस्थिती तशीच होती रे’ हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नका. खरं असलं तरी नको. त्यानं कधी विचारलं तर सांगा.