वालेन्सियातला गुरुवार

श्रोतेहो, नमस्कार.

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राला लागून वालेन्सिया शहर आहे. तिथे एकच दिवस हाताशी असेल, तर तो गुरुवार असू द्या. दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला कॅथेड्रलच्या 'प्रेषितांच्या दारा'पुढे, उघड्यावर, पाण्याची न्यायसभा भरते. तूरिया नदीच्या आठ कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी काळे झगे घालून अर्धवर्तुळात बसतात. शिपाई एकेका कालव्याचं नाव पुकारतो आणि तिथला कुणी आरोपी आहे का, ते विचारतो. पाळी नसताना पाणी घेतलं, पाट साफ केला नाही, अशा तक्रारी असतात. वकील नसतात, सुनावणी तोंडी आणि वालेन्सियन भाषेत होते. आरोपी नदीच्या डाव्या तीरावरचा असेल तर निकाल उजव्या तीरावरचे प्रतिनिधी देतात, म्हणजे शेजाऱ्याला झुकतं माप मिळत नाही. खानदेशातली फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाटाचं पाणी वाटून घेणं, आणि तिथला पाणी सोडणारा पाटकरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सगळं चटकन उमजेल. २००९ साली युनेस्कोने या न्यायसभेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

मात्र तक्रार नसली, तर सभा काही मिनिटांतच उठते, आणि बऱ्याचदा तक्रार नसतेच. सव्वाबाराला पोहोचणाऱ्याला रिकामा चौक दिसतो. पावणेबाराच्या आत जागा धरा. गुरुवारी सुट्टी आली तर सभा आदल्या दिवशी होते, आणि नाताळच्या दिवसांत भरत नाही.

त्याआधीची सकाळ मर्कादो सेंत्राल या मंडईत घालवा. ती १९२८ साली पूर्ण झाली. लोखंड, काच आणि रंगीत फरश्यांची ही इमारत आठ हजार चौरस मीटरहून मोठी आहे. दुपारी तीनच्या सुमारास ती बंद होते, रविवारी उघडतच नाही. केशर, गोड लाल मिरचीची पूड आणि तांदूळ इथेच घ्या. समोरच ला लोंखा, म्हणजे रेशमाच्या व्यापाऱ्यांची पेढी आहे. पीळ दिलेल्या दोरखंडासारखे तिचे दगडी खांब पाहायला अर्धा तास पुरतो. न्यायसभा आटोपली की कॅथेड्रलच्या मिगेलेते मनोऱ्यावर चढा. २०७ पायऱ्या, अरुंद गोल जिना. गुडघे दुखत असतील तर सोडून द्या, खालचा चौकही सुरेख आहे.

आता जेवण. पाएया, म्हणजे केशर घालून उथळ कढईत शिजवलेला इथला भात, हा दुपारचा पदार्थ आहे. रात्री जड भात तिथले लोक सहसा खात नाहीत, त्यामुळे पर्यटकांपुढे रात्री येणारा पाएया पुष्कळदा गरम करून दिलेला असतो. दोन वाजताचं टेबल आधी सांगून ठेवा, कारण बहुतेक ठिकाणी तो किमान दोघांसाठीच करतात. दाराबाहेर छापील फोटोंची पाटी आणि भडक पिवळा भात दिसला, तर पुढे चला. केशराचा रंग इतका भडक नसतो.

खऱ्या वालेन्सियन पाएयात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गार्रोफो नावाचे मोठे पांढरे दाणे, टोमॅटो, ऑलिव्ह तेल, मिरचीपूड आणि केशर असतं. मासळी नाही, कांदा नाही. पसरट, उथळ कढईत मांस सावकाश लालसर परततात, मग शेंगा, मग टोमॅटो. मिरचीपूड घातली की लगेच पाणी ओततात; क्षणभर उशीर झाला तरी ती करपून कडू होते. वीस-पंचवीस मिनिटं रस्सा उकळल्यावर माणशी १०० ग्रॅम तांदूळ पसरतात. तो धूत नाहीत, आणि एकदा पसरला की ढवळतही नाहीत. ढवळलं की स्टार्च सुटून भात चिकट होतो. पहिली आठ-दहा मिनिटं मोठी आच, मग तेवढीच मंद. बोंबा जातीचा तांदूळ न फुटता भरपूर रस्सा पितो, म्हणून त्याला आकारमानाने साधारण तिप्पट पाणी लागतं. भाताचा थर करंगळीच्या जाडीपेक्षा जास्त नको, नाहीतर वरचा कच्चा राहतो नि खालचा करपतो. शेवटी तळाला जी खमंग खरवड धरते, तिला सोकार्रात म्हणतात. ती मागून घ्या, तीच पाएयाची चव.

शाकाहारी श्रोत्यांनी 'पाएया दे वेर्दुरास', म्हणजे भाज्यांचा पाएया मागावा, पण भाज्या पाहून निश्चिंत होऊ नये. रस्सा मांसाचा किंवा माशांचा असू शकतो. 'काल्दो दे वेर्दुरास', म्हणजे भाज्यांचा रस्सा आहे ना, हे मागवण्याआधीच विचारा.

जेवणानंतर तूरियाच्या पात्रात उतरा, तिथे आता बाग आहे. १४ ऑक्टोबर १९५७ च्या महापुरानंतर नदी शहराच्या दक्षिणेला वळवली. कोरड्या पात्रात महामार्ग काढायचा बेत होता. नागरिकांनी तिथे हिरवळच हवी म्हणून आग्रह धरला आणि तो जिंकला. जुन्या पुलांखालून आज लोक सायकली चालवतात. २०२४ च्या ऑक्टोबरमधल्या पुरात या नव्या प्रवाहामुळे जुनं शहर वाचलं, दक्षिणेची गावं मात्र उद्ध्वस्त झाली. या प्रांतात २०० हून अधिक माणसं गेली. बागेतून फिरताना हे लक्षात असू द्या.

भातशेतीचं अल्बुफेरा सरोवर याच दिवसात कोंबू नका, त्याला वेगळी संध्याकाळ द्या. त्याऐवजी मेट्रोच्या तीन नंबरच्या लाईनने अल्बोराया गाठा आणि ओर्चाता हे चूफापासून केलेलं थंड पेय प्या. चूफा हा आपल्या लव्हाळ्याच्या कुळातल्या गवताचा कंद. पाव किलो कंद रात्रभर भिजवून, लिटरभर पाण्यात वाटून गाळतात, शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर घालून गारेगार देतात. दिसायला दूध, पण दुधाचा थेंबही नाही. ती तापवत नाहीत, कारण उष्णतेने तिची खळ होते. आणि न तापवल्यामुळेच ताजी ओर्चाता लवकर नासते. बाटली भरून विमानात नेण्याचा मोह टाळा. फार्तोन नावाचा लांबट गोड पाव तिच्यात बुडवून, तिथेच बसून संपवा.