निरोप न मिळालेल्या पेशी

(ठाण्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो,

ठाण्याच्या माणसाला ‘सिग्नल’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कळवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान लोकल थांबली, की सगळा डबा तोच शब्द उच्चारतो. पेशीविज्ञानातला सिग्नल मात्र खांबावरच्या दिव्यासारखा नसतो. तो हातोहात पोहोचवलेला निरोप असतो. एका पेशीने सोडलेला रेणू दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाला चिकटतो, ते प्रथिन आतल्या दुसऱ्याला चाळवते, दुसरे तिसऱ्याला, आणि अखेर केंद्रकातील काही जनुके जागी होतात, काही निजतात. मराठीत ‘निरोप’ म्हणजे सांगावा आणि निरोप म्हणजे पाठवणीही. आज मला हे दोन्ही अर्थ लागणार आहेत, कारण हृदयाच्या फायब्रोसिसमध्ये, म्हणजे हृदयात वणाचे धागे साचत जाण्याच्या विकारात, पेशींना कामाला लागण्याचा निरोप वेळेवर मिळतो, पण काम संपल्यावर द्यायचा निरोप राहून जातो.

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात सुमारे १०० कोटी स्नायूपेशी मरू शकतात. त्यांची जागा नव्या स्नायूपेशी घेत नाहीत, असेच व्यवहारात म्हणावे लागते. अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली दाखवले, की वयाच्या २५ व्या वर्षी हृदयातील जेमतेम १ टक्का स्नायूपेशी वर्षभरात बदलतात, आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही खाली येते. एवढ्या मंद गतीने भोक बुजणार नाही. म्हणून शरीर दुसरा मार्ग धरते. स्नायूंच्या मधोमध एरवी गुपचूप राहणाऱ्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जाग्या होतात, कोलाजेन या चिवट प्रथिनाचे धागे विणतात आणि त्या जागी वण तयार करतात. हा वण आपला शत्रू नव्हे, हे मला आधीच सांगितले पाहिजे. तो नीट धरला नाही, तर झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयाची भिंत फाटू शकते आणि मग कोणताही उपाय करायला क्वचितच अवधी मिळतो.

अडचण पुढे आहे. जाग्या झालेल्या फायब्रोब्लास्टच्या अंगी स्नायूसारखे आकुंचन पावण्याचे बळ येते. जखमेच्या कडा जवळ ओढणाऱ्या अशा पेशी १९७१ साली जिनिव्हात ज्युलिओ गॅबियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखल्या, आणि आज आपण त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतो. गुडघा खरचटला, खपली धरली, की तिच्याखाली याच पेशी राबत असतात, आणि कातडी भरून आल्यावर त्या ठरवून दिलेल्या मरणाने निघून जातात. हृदयात त्या निघत नाहीत. उच्च रक्तदाबासारखा ताण वर्षानुवर्षे चालू असेल, तर जिथे स्नायू मेलेलाच नाही अशा भागातही त्या धागे विणत बसतात. भिंत ताठ होते, दोन ठोक्यांच्या मध्ये हृदयाने सैल होऊन रक्त आत घ्यायचे ते नीट घेता येत नाही, आणि जिना चढताना धाप लागते. शिवाय कोलाजेनमधून विद्युत्-लहर जात नसल्यामुळे ती वळसे घालते आणि ठोक्यांची लय बिघडते.

या साऱ्यामागचा सर्वांत बोलका रेणू म्हणजे टीजीएफ-बीटा (ट्रान्स्फॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर-बीटा), पेशी एकमेकींना धाडतात ते एक निरोप्या प्रथिन. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत अनिता रॉबर्ट्स आणि मायकेल स्पॉर्न यांनी त्यावर काम केले, ते कर्करोगाच्या शोधात. हृदय तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते. तो ग्राहीला चिकटला, की पेशीच्या आत स्मॅड नावाची प्रथिने फॉस्फेटचा ठसा घेऊन केंद्रकात शिरतात आणि कोलाजेनची जनुके चालू करतात. मला मात्र या साखळीपेक्षा तिच्या आधीची पायरी अधिक विलक्षण वाटते. पेशी टीजीएफ-बीटा मोकळा सोडत नाही. ती तो एका प्रथिनाच्या वेष्टनात बांधून भोवतालच्या धाग्यांना अडकवून ठेवते. मायोफायब्रोब्लास्टने वेष्टन ओढले, की रेणू सुटतो. पण दोरीची गाठ ओढून सोडायची तर दोरीचे दुसरे टोक घट्ट बांधलेले लागते. ते सैल असेल तर सगळी दोरीच आपल्याकडे येते आणि गाठ तशीच राहते. मऊ, निरोगी ऊतीत हे असेच होते. ऊती ताठ झाली, की तीच ओढ लागू पडते, टीजीएफ-बीटा सुटतो, आणखी कोलाजेन तयार होते, ऊती आणखी ताठते. पहिला निरोप पाठवणारा केव्हाच निघून गेलेला असतो, आणि वणच आता स्वतःला निरोप धाडत असतो.

हे पटायला अवघड जात असेल, तर थोडा वेळ हृदय सोडून तोंडाकडे येऊ या. सुपारी आणि गुटख्यामुळे तोंड हळूहळू उघडेनासे होते, हा आजार आपल्याकडे सर्वांनी पाहिलेला आहे. तोही फायब्रोसिसच. १९६६ साली कोपनहेगनचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी त्याचे जे सविस्तर वर्णन केले, ते आजही आधारभूत मानतात. परळच्या ज्या कर्करोग संशोधन संस्थेत सिरसाटबाईंनी काम केले, तीच पुढे खारघरला ॲक्ट्रेक (टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था) म्हणून स्थिरावली. सुपारीतील अरेकोलीन टीजीएफ-बीटाची वाट चेतवते, आणि तिच्यातले तांबे कोलाजेनचे धागे एकमेकांत गुंफणाऱ्या लायसिल ऑक्सिडेझ या विकराला (एन्झाइमला) बळ देते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे (ती किती पाळली जाते, हे आपण स्टेशनबाहेर पडताना पाहताच). पण सांगायचे ते असे, की सुपारी सोडल्यानंतरही आखडलेले तोंड सहसा पहिल्यासारखे उघडत नाही. चिथावणी थांबली तरी घट्ट विणलेला फास राहतोच.

मग टीजीएफ-बीटालाच का अडवू नये? प्रयत्न झाले. झटक्यानंतर लगेच त्याला अडवले, तर उंदरांमध्ये मृत्यू वाढले, कारण हवा तो वणही तयार झाला नाही. त्याच्या ग्राहीला रोखणाऱ्या काही औषधांनी प्रयोगातील प्राण्यांच्या हृदयाच्या झडपांना इजा केली. हा रेणू प्रतिकारशक्तीलाही आवर घालतो. त्याला सरसकट गप्प करणे म्हणजे एका खोलीतला आवाज थांबवण्यासाठी साऱ्या इमारतीची वीज तोडणे होय.

यश आले ते शेजारच्या वाटेने. अँजिओटेन्सिन हे संप्रेरक रक्तदाब वाढवते, शिवाय फायब्रोब्लास्टला थेट चेतवते. त्याची निर्मिती रोखणारे कॅप्टोप्रिल १९८१ साली बाजारात आले, आणि त्याचे मूळ ब्राझीलमधील जराराका सापाच्या विषात होते. तुमच्यापैकी अनेकांच्या गोळ्यांच्या डबीत टेल्मिसार्टन असेल. ते त्याच निरोपाला ग्राहीच्या दारात अडवते. अल्डोस्टेरोन या आणखी एका संप्रेरकाला अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन १९९९ साली तीव्र हृदय-अकार्यक्षमतेच्या १६६३ रुग्णांवर तपासले गेले आणि मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. त्यांपैकी ज्यांच्या रक्तात कोलाजेननिर्मितीच्या खुणा अधिक होत्या, त्यांना लाभही अधिक झाला. (या व्याख्यानावरून कोणी गोळी सुरू वा बंद करू नये, मी प्रयोगशाळेतला माणूस आहे, दवाखान्यातला नव्हे.)

अलीकडचा सर्वांत धाडसी प्रयोग पेन्सिल्वेनिया विद्यापीठातला आहे. जाग्या फायब्रोब्लास्टच्या अंगावर दिसणारे एक प्रथिन ओळखून त्यांना मारतील अशा टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या मारक पेशी) तेथे २०१९ साली घडवल्या गेल्या, आणि उंदरांच्या हृदयातील फायब्रोसिस कमी झाला. २०२२ साली त्याच गटाने एमआरएनएचे, म्हणजे पेशीला प्रथिन घडवण्याची तात्पुरती सूचना देणाऱ्या रेणूचे, इंजेक्शन देऊन अशा पेशी उंदराच्या शरीरातच, तीही थोड्या दिवसांपुरतीच, तयार केल्या. हे ‘थोड्या दिवसांपुरते’ मला फार मोलाचे वाटते. फायब्रोब्लास्ट उद्या दुसऱ्या जखमेसाठी लागणार आहेत. मारेकरी कायमचे पाळले, तर पुढची जखम भरणार नाही.

प्रश्नोत्तरांत पहिल्या रांगेतील एका गृहस्थांनी विचारले, की त्यांना झटका येऊन १२ वर्षे झाली, तर तो वण आता मृत धाग्यांचा ठिगळ समजावा काय? उत्तर नाही असे आहे. अमेरिकेत सिनसिनाटी येथे उंदरांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की पिकलेल्या वणातले मायोफायब्रोब्लास्ट सगळे मरत नाहीत. त्यांतले काही आकुंचनाचे बळ टाकून देतात आणि कूर्चेतील व (स्नायू हाडांना जोडणाऱ्या) कंडऱ्यांतील पेशींशी मिळतेजुळते रूप घेऊन तिथेच राहतात. गुडघ्याची कातडी भरली, की तिला कोणी सतत ओढत नाही. हृदयावरचा वण दिवसाला सुमारे १ लाख वेळा ताणला जातो, आणि त्याची डागडुजी करायला तिथे कोणीतरी राहावे लागते.